मस्की होडीशी येऊन वळून जातो, तेव्हा नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मिनियापोलिसला आलात. गेल्या उन्हाळ्यात मिनेटोंका तलावावर अकरा वेळा मस्की हा मोठा शिकारी मासा तुमच्या आमिषामागे होडीपर्यंत आला आणि अकराही वेळा खाली बुडून नाहीसा झाला. रॉडने पाण्यात आठचा आकडा काढायचा असतो हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंय, तो काढताही, पण एकही मासा लागला नाही. सात फुटी रॉड बदलावा का, असंही विचारलंय. आणि आठ वर्षांची मुलगी होडीत सोबत असते, तिची काय काळजी घ्यावी, असं शेवटी आहे.

आधी हे सांगते की अकरा फॉलो, म्हणजे मासा नुसताच आमिषामागे येण्याच्या अकरा वेळा, म्हणजे मोसम वाया गेला असं समजू नका. मस्कीला इकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. तो अकरा वेळा दिसला याचा अर्थ तुम्ही बरोबर जागी, बरोबर वेळेला, बरोबर आमिष टाकताय. शेवाळाची कड तुम्हाला सापडली आहे. हे काम लोकांना चार-चार वर्षं जमत नाही. तुमचं अडतंय ते फक्त शेवटच्या दहा फुटांत, आणि ते दहा फूट शिकता येतात.

मी मूळची रेवदंड्याची. बाबा कुंडलिकेच्या खाडीत जिवंत कोळंबी लावून जिताड्यासाठी गळ टाकायचे, मी दगडावर बसून बघायची. मिनेसोटात येऊन मला वीस वर्षं झाली, त्यातली सोळा मस्कीच्या मागे गेली. दर फेरीनंतर वहीत लिहिते: पाण्याचं तापमान, वारा, किती दिसले, किती लागले, कुठे लागले. गेल्या मोसमात सात लागले, त्यांतले तीन होडीच्या अगदी शेजारी, रॉडच्या टोकापासून हातभर अंतरावर. हे तीन मासे मी आमिष सरळ वर उचलून पुढची फेक केली असती तर कधीच लागले नसते. त्यातल्या एकाचा तर पत्ताही लागला नसता, कारण तो लागेपर्यंत मला दिसलाच नव्हता.

आता तो मागे येतो तरी का, आणि खात का नाही? मस्की, म्हणजे मस्केलंज, हा उत्तर अमेरिकेचाच मासा. नाव आलंय इथल्या ओजिब्वे लोकांच्या ‘माशकिनोझे’ या शब्दावरून. तो दबा धरून शिकार करणारा आहे. शेवाळाच्या कडेला, खडकाच्या बाजूला निश्चल उभा राहतो आणि मासळी आवाक्यात आली की अंगाची कमान करून सुटतो. लांब पाठलाग हा त्याचा स्वभाव नाही. म्हणून तो शंभर फूट तुमच्या आमिषामागून सावकाश पोहत येतो तेव्हा बहुतेक वेळा तो भुकेने येत नसतो. आपल्या हद्दीतून हे काय चाललंय ते तो बघत असतो. अशा माशाला खायला लावायचं असेल तर आमिषाने असं काहीतरी करायला हवं की विचार न करता त्याचा जबडा उघडेल.

आणि आपण काय करतो? शंभर फूट नाकासमोर सरळ पोहणारं आमिष होडीशी येऊन एकदम उभं वर चढतं आणि हवेत नाहीसं होतं. कुठलीही मासळी असं करत नाही. घाबरलेली मासळी भिंत समोर आली की बाजूला वळते, आणि वळताना तिची कूस दिसते. मस्की आणि त्याच्याच कुळातला पाईक भक्ष्य पकडतात ते बहुधा आडवं, मधोमध. मग तोंडात फिरवून डोक्याकडून गिळतात. म्हणून शंभर फूट शेपटीच मागून बघत आलेल्या माशाला पहिल्यांदा कूस दिसते ती वळणावर. आठच्या आकड्याचं सगळं मर्म या एका वळणात आहे.

आकड्याविषयी एक गोष्ट आपल्यासाठी खास. आठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मराठी ८ येतो, तो इथे कामाचा नाही. आपला ४ घ्या, त्याची वरची दोन मोकळी टोकं जुळवा आणि तो पाण्यावर आडवा निजवा. दोन बाजूंना दोन गोल, मध्ये फुली. रॉडच्या टोकाने पाण्याखाली काढायचा तो हा.

मी करते ते पायरीपायरीने सांगते. आमिष होडीपासून वीसेक फुटांवर आलं की रॉडचं टोक पाण्याकडे न्यायला लागते आणि रीलचा वेग थोडा वाढवते. दहा फुटांवर टोक पाण्यात शिरलेलं असतं. लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला दातांना न तुटणारा जाड तुकडा, टोकापासून हातभर उरला की रील थांबवते, पण त्याच क्षणी खांदे फिरायला सुरुवात झालेली असते. रील थांबली हे आमिषाला कळता कामा नये. आमिषावरच्या फिरत्या पात्याची, ब्लेडची, थरथर मुठीत लागत असते. ती थरथर एक क्षणही बंद पडली नाही तर सांधा बरोबर जमला असं समजा. लीडरची कडी टोकाच्या रिंगेत घुसू देऊ नका, नाहीतर रिंग फुटते आणि मासा लागल्यावर दोरी सुटत नाही.

मग पहिलं वळण. हे होडीच्या कडेला समांतर घ्यायचं, होडीखाली नाही, आणि जितकं रुंद घेता येईल तितकं घ्यायचं. हात पूर्ण लांब करा, गुडघे वाकवा, कमरेतून फिरा. चार फुटी मासा ताटाएवढ्या गोलात वळत नाही. बैलगाडी वळवायला जसं अंगण लागतं तसं त्याला अंगण द्या. माझा एकेक गोल तीन-चार फूट रुंद असतो आणि पूर्ण आकडा लांबीला आठ-नऊ फूट भरतो. तुमचा आकडा व्हिडिओत बघितल्यासारखाच आहे असं तुम्हाला वाटत असेल, पण एकदा कोणाकडून तरी चित्रण करून घ्या. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा आकडा त्यांना वाटत होता त्याच्या निम्मा होता. मासा येतो, आमिष त्याच्या नाकाखालून गर्रकन फिरतं, त्याला वळता येत नाही आणि तो निघून जातो. अकरापैकी बरेच तुमचे याच कारणाने गेले असावेत असा माझा अंदाज आहे.

खोलीकडेही लक्ष द्या. मस्कीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात. त्याला वर आणि समोर उत्तम दिसतं, हनुवटीखालचं दिसत नाही. आमिष त्याच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडं वर हवं. मासा चार फुटांवर असेल तर रॉड मुठीपर्यंत पाण्यात बुडवा. कपडे भिजले तरी चालतील. सरळ भागात आमिष थोडं खाली सोडायचं आणि वळणात वर आणायचं. वर येणारी मासळी म्हणजे पळून जाणारी मासळी, असं त्याला वाटतं.

वेगाबद्दल लोक उलटसुलट सांगतात. माझं मत ठाम आहे: सरळ भागात जोरात, आणि बाहेरच्या वळणावर किंचित सैल, इतपत की मासा आमिषाला गाठेल पण ब्लेड फिरायचं थांबणार नाही. बहुतेक मासे मला याच बाहेरच्या वळणावर लागले आहेत, जिथे तो सरळ भागात मागे पडतो आणि वळणावर कोपरा कापून येतो.

किती वेळा? मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीच्या शेवटी एक रुंद वळण आणि एक पूर्ण आकडा. दर वेळी. सकाळपासून दीडशे फेकी झाल्या असतील आणि खांदा भरून आला असेल तरीसुद्धा. मासा दिसला असेल तर दहा-पंधरा फेऱ्या. आणि तो खाली बुडून गेला तरी हात थांबवायचे नाहीत, आणखी चार-पाच फेऱ्या काढायच्या. कितीतरी वेळा तो होडीखालून जाऊन दुसऱ्या बाजूने परत वर येतो.

मिनेटोंकावर हे आणखी जपून करावं लागतं. २०१० मध्ये त्या तलावात झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळतात, त्यामुळे पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ पाण्यात मासा तुम्हाला लांबून दिसतो हे खरं, पण होडीही त्याला तितक्याच लांबून दिसते. म्हणून तिथे टोक लवकर पाण्यात न्या, आकडा खोल काढा आणि होडीत पाय आपटू नका. पक्कड खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा फरशीतून पाण्यात जातो. शनिवार-रविवारी दुपारी त्या तलावावर इतक्या मोटारबोटी धावतात की मी तिथे जातच नाही. पहाटे पाच ते आठ, नाहीतर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे मासा दिसल्यावर तुमच्या हातांचं काय होतं ते. खाडीवर बाबा मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, ‘मासा बघायचा नाही, हात बघायचे.’ मासा दिसला की माणसाचा श्वास अडकतो आणि हात थांबतात. अर्ध्या सेकंदासाठी का होईना, थांबतात. त्या अर्ध्या सेकंदात ब्लेड बंद पडतं, आमिष बुडायला लागतं, आणि आतापर्यंत पळणारी मासळी अचानक मेल्यासारखी होते. मस्कीला तेवढं पुरतं.

व्हर्मिलियन तलावावरची एक संध्याकाळ सांगते. ऑगस्टचा शेवट होता. खडकाळ टेकाडावर वाऱ्याने लाटा येत होत्या, सूर्य झाडांच्या मागे गेला होता. मी काळं बकटेल, म्हणजे फिरत्या ब्लेडचं केसाळ आमिष, टाकत होते. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, होडीच्या मध्यावर पोलराइज्ड चष्मा लावून उभा होता. आमिष पंधरा फुटांवर आलं आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘आई, मागे आहे.’ मी पाण्यात बघितलं तेव्हा आधी मासा दिसलाच नाही, फक्त आमिषामागचं पाणी हिरवट-तांबूस झालेलं दिसलं. मग लक्षात आलं की तो तांबूस रंग शेपटीचा आहे आणि डोकं ब्लेडला टेकलेलं आहे.

पहिल्या वळणावर तो रुंद वळला, पण आला. दुसऱ्या वळणावर खाली गेला, इतका की फक्त पाठीची फिकट रेघ उरली. मी रॉड आणखी बुडवला, पाणी कोपरापर्यंत आलं. तिसऱ्या वळणावर तो दिसला नाही. मुलगा म्हणाला, ‘गेला.’ मी हात चालू ठेवले. चौथ्या वेळी सरळ भागातून वेगात बाहेरच्या वळणावर आले, आमिष वर चढवलं, आणि होडीच्या सावलीतून एक पांढरं तोंड उघडलं. आतला तो पांढरा रंग मी कधी विसरणार नाही. आवाज नाही, उसळी नाही, नुसतं आमिष त्या पांढऱ्यात नाहीसं झालं आणि रॉडचं टोक खेचलं गेलं. मग मात्र पाणी आमच्या तोंडावर उडालं. ४९ इंच भरली ती मादी. मुलाने जाळ्यात घेतली, हुक काढला, आणि ती शेपटीने त्याचा शर्ट भिजवून निघून गेली.

तुमच्या अकरांचं वर्णन वाचून मला दोन प्रकारचे मासे दिसतात. एक असा, ज्याचं नाक आमिषाला जवळजवळ चिकटलेलं असतं, पंख ताठ उघडलेले असतात आणि तो आमिषाबरोबर वर-खाली होतो. हा मासा तापलेला आहे. याच्यासमोर वेग वाढवा, कमी कधीही करू नका. दुसरा असा, जो आमिषाच्या पाच-सहा फूट मागे, खाली, लाकडासारखा तरंगत येतो. हा आळशी फॉलो. याच्यासाठी मोठा, खोल, लंबगोल फेरा चांगला, फुलीची घाई नको. तोही फारसा खात नाही हे कबूल करते, पण तो कुठे राहतो हे तुम्हाला कळलं ना? जीपीएसवर खूण करा आणि सूर्यास्ताच्या वेळी, वारा फिरल्यावर किंवा वादळाआधी ढग भरून आल्यावर परत त्याच जागी जा. माझ्या वहीतले कितीतरी मासे सकाळी दिसलेले आणि संध्याकाळी लागलेले आहेत. चंद्र उगवण्या-मावळण्याच्या वेळा इथले जुने लोक फार मानतात. मीही त्या वेळेला चांगल्या जागी असण्याचा प्रयत्न करते.

मासा लागल्यावरचा पहिला सेकंद सगळं ठरवतो. शंभर फुटांवर लागलेल्या माशात आणि तुमच्यात ताणली जाणारी दोरी असते, वाकणारा रॉड असतो. होडीशी लागलेल्या माशाच्या आणि तुमच्या मध्ये हातभर लीडर असतो, बस. घाबरून रॉड सरळ वर उचलला की दोन गोष्टी होतात. एक, आमिष त्याच्या उघड्या तोंडातून बाहेर ओढलं जातं. दोन, लागलाच तर तो पृष्ठभागावर डोकं झटकतो आणि हुक सुटतो. रॉड आडवा ओढायचा, पाण्याच्या पातळीत, माशाचं डोकं ज्या दिशेला आहे त्याच्या उलट दिशेला, म्हणजे आमिष जबड्याच्या कोपऱ्यात रुतेल. वजन मुठीत जाणवल्यावरच ओढायचं, डोळ्यांनी तोंड उघडलेलं बघून नाही. हे मी लीच लेकवर शिकले. ४५ इंचांच्या पुढचा मासा, पांढरं तोंड दिसलं आणि मी आमिष हिसकावून घेतलं. तो मासा जागेवर तोंड उघडून मिटून उभा राहिला होता, ते अजून डोळ्यासमोर आहे.

ओढून झालं की अंगठा रीलच्या बटणावर. मोठी मादी होडीखाली धावणार, तेव्हा बटण दाबून अंगठ्याने दोरी सोडत जायची, तिला पहिली धाव घेऊ द्यायची, मग बटण सोडून नेहमीसारखं खेळवायचं. काही जण ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोरी सुटायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक, आधीच सैल ठेवतात. मी घट्ट ठेवते आणि अंगठ्यावर विसंबते, कारण सैल ड्रॅगवर हुक रुतत नाही. मस्कीचा जबडा हाडाळ असतो. हुक रोज सकाळी कानसीने घासा. नखावर टेकवून सरकवला तर रुतला पाहिजे, घसरला तर घासायची गरज आहे.

रॉडचं उत्तर: हो, बदला. या एका गोष्टीवर खर्च करा, दहावं आमिष घेऊ नका. सात फुटी रॉडने रुंद आणि खोल आकडा निघत नाही, पाठ तेवढी मोडते. साडेआठ ते नऊ फुटी हेवी रॉड घ्या. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि मी नऊ फुटीच वापरते. दोरी ८० ते १०० पौंडांची विणलेली (ब्रेड), लीडर १३० पौंडांचा फ्लुरोकार्बन किंवा तारेचा. दातांसमोर साधी दोरी टिकत नाही. आमिषांत आकड्यासाठी बकटेल सर्वांत सोपं, कारण ते सतत फिरतं आणि हाताला सांगत राहतं. शेपटी फिरणारं टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारं आमिषही छान चालतं, वळणावर ते बुडवून बकटेलसारखं वापरता येतं. ग्लाइड बेट आणि जर्कबेट यांचा आकडा कठीण, कारण ती थांबत-थांबत चालणारी आमिषं आहेत. पहिल्या मोसमात होडीशेजारी ती टाळा.

रात्री एक वेगळी मजा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा पाणी तापलं की रात्र चांगली. पण फॉलो दिसणार नाही, तेव्हा प्रत्येक फेकीला तीन-चार संथ, मोठे आकडे. अंधारात ब्लेडची थरथर ऐकत उभं असताना हातातून रॉड खेचला जातो तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो मला दिवसा कधी आला नाही.

मासा होडीशी लागतो तेव्हा तो थकलेला नसतो, तापलेला असतो. म्हणून त्याची काळजी घेण्याची तयारी आधीपासून हवी. रबराचा मुलामा असलेलं मोठं जाळं पाण्यातच ठेवायचं. मासा त्यात, पाण्यात, श्वास घेत राहतो आणि तुम्ही लांब चोचीच्या पकडीने हुक काढता. नाही निघाला तर मजबूत कटरने हुक कापा, मासा कापू नका. उचलायचा तो एक हात कल्ल्याच्या (गिलच्या) कडेखाली आणि एक पोटाखाली, आडवा. एक फोटो. तुम्ही श्वास रोखून धराल तितका वेळच तो बाहेर. मग शेपटी धरून सरळ उभा ठेवायचा, तो स्वतः निघेपर्यंत. पाणी ८० फॅरनहाइट, म्हणजे २७ सेल्सिअसच्या आसपास गेलं की मी मस्कीसाठी जातच नाही. गरम पाण्यात लढून दमलेला मासा चांगला पोहत गेला तरी नंतर मरू शकतो.

मिनेसोटातल्या बहुतेक तलावांत ५४ इंचांच्या आतला मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठाही सोडणारेच इथे जास्त. १९६६ मध्ये सेंट पॉलमध्ये मस्कीज इंक ही संस्था सुरू झाली. मासा सोडण्याची सवय लावण्यात तिचा मोठा वाटा आहे. त्याचं फळ आज दिसतं. मिल लॅक्स तलावावर २०२२ मध्ये ५८.२५ इंचांचा मासा मोजून सोडला गेला, तो पकडून सोडण्याचा राज्याचा विक्रम झाला. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच तलावात ५५ पौंड १४.८ औंसांचा मासा मिळाला आणि विनिबिगोशिश तलावावरचा १९५७ पासूनचा ५४ पौंडांचा राज्याचा वजनाचा विक्रम मोडला. पन्नास इंची मादी मोठी व्हायला पंधराएक वर्षं लागतात. तुमच्या मुलीच्या दुप्पट वय. ती पुन्हा पाण्यात गेली पाहिजे.

आता मुलीबद्दल. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना होडी चालू असताना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. मी होडी थांबलेली असतानाही घालायला लावायचे. खरा धोका माशाच्या दातांचा नाही, तुमच्या आमिषाचा आहे. आकड्यावर ओढताना मासा चुकला की तीन-तीन टोकांचे हुक पाण्यातून गोळीसारखे सुटून होडीत येतात. म्हणून तिला तुमच्या फेकीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, निदान एक रॉड लांब बसवा, टोपी आणि चष्मा दोन्ही हवेत. हुक काढताना तिने जाळ्याजवळ वाकायचं नाही, हे घरीच ठरवून या.

आणि तिला काम द्या. तिच्या मापाचा पोलराइज्ड चष्मा घ्या आणि आमिषामागचं पाणी बघायला सांगा. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, आणि तुम्ही हातांकडे लक्ष देत असताना माशाकडे बघणारं कोणीतरी हवंच. फक्त ओरडायचं नाही, हळू म्हणायचं, हे शिकवा. मोसम जूनच्या सुरुवातीला उघडतो. त्याआधी महिनाभर दोघांनी धक्क्यावर जा, हुक काढून टाकलेलं बकटेल लावा, आणि तिने मोजायचं, तुम्ही काढायचे: रोज पन्नास आकडे. मध्येच कधीही, न सांगता, तिने ‘बाबा, मागे’ म्हणायचं. तुमचे हात तेव्हा थांबले की नाहीत ते तिला दिसेल.